मनाच्या आजारांसाठी लक्षण-तपासणी अ‍ॅप्स : भरवसा किती ठेवावा?

झोप उडालेली आहे, कशात मन लागत नाही, छातीत उगाच धडधडते आणि हे कोणाजवळ बोलावे ते सुचत नाही, अशा अवस्थेत आज पुष्कळ माणसे डॉक्टरांच्या आधी फोन हातात घेतात. लक्षणे विचारून आजाराची शक्यता वर्तवणारी अ‍ॅप्स तेथे तयारच असतात. ताप, खोकला, पोटदुखी यांच्यासाठी निघालेली ही सोय आता नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ (तेच विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याचा विकार), अतिचंचलता अशा विकारांपर्यंत येऊन पोहोचली आहे. अशी काही अ‍ॅप्स स्वतः वापरून आणि त्यांच्यावर झालेले संशोधन वाचून माझे जे मत बनले, ते येथे मांडत आहे. आपल्याला काय होते आहे ते नीट मांडायला ही अ‍ॅप्स खरोखर मदत करतात. त्या त्रासाला आजाराचे नाव देणे मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि पडद्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत नेमके ते नावच झळकते, ही माझी मुख्य तक्रार आहे.

या अ‍ॅप्सचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात बर्लिनमधल्या कंपनीने तयार केलेल्या 'एडा'सारखी सर्वसाधारण अ‍ॅप्स येतात. ती शरीराची आणि मनाची सगळीच लक्षणे विचारतात, एका उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतात आणि शेवटी संभाव्य आजारांची यादी देतात. दुसऱ्या प्रकारातली अ‍ॅप्स डॉक्टरांच्या वापरातली एखादी प्रश्नावली जशीच्या तशी पडद्यावर आणतात, उत्तरांना गुण देतात आणि बेरजेवरून 'सौम्य', 'मध्यम', 'तीव्र' असा शेरा मारतात. तिसरा प्रकार गप्पा मारणाऱ्या चॅटबॉटचा. माझ्या पाहण्यात दुसरा प्रकार सर्वाधिक आला, म्हणून त्याच्याबद्दल आधी आणि सविस्तर लिहिणे योग्य ठरेल.

नैराश्य तपासणाऱ्या बहुतेक अ‍ॅप्सच्या मुळाशी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली असते. कर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स या संशोधकांनी ती कसोटीला लावून पाहिली आणि तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, असे तिच्यात नऊ प्रश्न आहेत. 'अजिबात नाही', 'काही दिवस', 'अर्ध्याहून अधिक दिवस' आणि 'जवळजवळ रोज' या चार उत्तरांना शून्य ते ३ गुण मिळतात, म्हणजे एकूण बेरीज शून्य ते २७ च्या दरम्यान येते. त्यात ५, १०, १५ आणि २० या तीव्रतेच्या पायऱ्या मानल्या जातात. चिंतेसाठी 'जीएडी-७' ही २००६ मध्ये आलेली सात प्रश्नांची प्रश्नावली याच पद्धतीने चालते. दोन्ही प्रश्नावल्या विनामूल्य वापरता येतात, आणि कुठल्याही होतकरू कंपनीने अ‍ॅप काढायचे ठरवले की तिचा हात प्रथम यांच्याकडेच का जातो, याचे एक कारण तेही आहे. प्रश्नावल्या स्वतः उत्तम आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत नैराश्याची जी नऊ लक्षणे दिली आहेत त्यांनाच पीएचक्यू-९ मध्ये प्रश्नांचे रूप दिलेले आहे, आणि त्या पुस्तिकेची १९८० ची तिसरी आवृत्ती ज्या गटाने सिद्ध केली त्याचे प्रमुख स्पिट्झरच होते.

अडचण सुरू होते ती या पुस्तिकेतला कोणता भाग अ‍ॅपने उचलला आणि कोणता सोडला, येथून. नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे असावीत आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी असावे, एवढ्यावर पुस्तिका थांबत नाही. या लक्षणांमुळे माणसाचे रोजचे जगणे लक्षणीयरीत्या विस्कळित झालेले असावे किंवा त्याला तीव्र क्लेश होत असावेत, ती एखाद्या औषधामुळे, व्यसनामुळे किंवा शारीरिक आजारामुळे आलेली नसावीत, आणि पूर्वी कधी उन्मादाचा, म्हणजे मन अवाजवी उत्साहात जाण्याचा, झटका येऊन गेलेला नसावा, अशाही अटी तिच्यात आहेत. पीएचक्यू-९ च्या मूळ सूचनांमध्ये तर वैद्यकीय तज्ज्ञाला स्पष्टच बजावलेले आहे, की निदान करण्याआधी प्रियजनाच्या मृत्यूनंतरचा स्वाभाविक शोक, उन्मादाचा इतिहास, शारीरिक आजार आणि औषधांचा परिणाम या शक्यता बाजूला काढून घ्याव्यात. मी पाहिलेल्या अ‍ॅप्सपैकी बहुतेकांनी मोजता येणारा भाग घेतला आणि माणसाला समोर बसवून विचारावा लागणारा भाग गाळून टाकला. कागदावरची प्रश्नावली डॉक्टरांच्या टेबलावर असते तेव्हा हा दुसरा भाग डॉक्टर पुरा करतात. तीच प्रश्नावली फोनमध्ये आली की तो भाग कोणीच पुरा करत नाही, आणि वापरणाऱ्याला तो राहून गेल्याचे कळतही नाही.

याचा परिणाम काय होतो ते एका साध्या प्रयोगातून दिसले. एका अ‍ॅपमध्ये मी दोन वेगवेगळ्या माणसांची उत्तरे कल्पून भरली. पहिल्या माणसाला झोपेचा त्रास जवळजवळ रोज आहे, थकवाही जवळजवळ रोज आहे, भूक अर्ध्याहून अधिक दिवस बिघडलेली आहे आणि लक्ष अर्ध्याहून अधिक दिवस लागत नाही. बाकी सगळ्या प्रश्नांना त्याचे उत्तर 'अजिबात नाही' असे आहे, म्हणजे तो उदास नाही, त्याचा जगण्यातला रस गेलेला नाही, स्वतःबद्दल त्याला वाईट वाटत नाही. दुसरा माणूस जवळजवळ रोज उदास आहे, त्याला जवळजवळ रोज कशातच गोडी वाटत नाही, आपण अपयशी आहोत असे जवळजवळ रोज वाटते, आणि काही दिवस मरणाचे विचार मनात आले आहेत. त्याची झोप आणि भूक मात्र ठीक आहे. दोघांची बेरीज १० येते. दोघांनाही त्या अ‍ॅपने अगदी एकच पडदा दाखवला. 'मध्यम नैराश्य' असे शब्द, त्याखाली नारिंगी रंगाची पट्टी, आणि तिच्याखाली श्वासाचे व्यायाम सुरू करण्याचे बटण. पहिला माणूस रात्रपाळी करणारा असू शकतो, तान्ह्या बाळाचा बाप असू शकतो किंवा नुकताच मोठ्या दुखण्यातून उठलेला असू शकतो. दुसऱ्याशी मात्र कोणीतरी त्याच दिवशी बोलायला हवे. बेरजेमध्ये हा फरक पार पुसला जातो, आणि तो दिसावा यासाठी अ‍ॅपने नऊ उत्तरे शेवटी पुन्हा एकत्र दाखवली असती तरी पुष्कळ झाले असते.

शारीरिक लक्षणांमुळे बेरीज फुगते, ही गोष्ट तज्ज्ञांना जुनीच आहे. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी १९८७ मध्ये जी वेगळी एडिनबरो प्रश्नावली तयार झाली, तिच्यात थकवा आणि भूक यांसारखे प्रश्न मुद्दाम टाळलेले आहेत, कारण त्या दिवसांत ते त्रास आजार नसतानाही होतातच. एका अ‍ॅपमध्ये सुरुवातीलाच बाळंतपणाबद्दल विचारून पुढे योग्य प्रश्नावलीकडे नेण्याची सोय आहे. हे काम अवघड नाही, केवळ कोणीतरी विचार करायला हवा होता आणि त्यांनी तो केला, म्हणून त्याचा येथे आवर्जून उल्लेख करावासा वाटतो.

पीएचक्यू-९ च्या नऊ प्रश्नांनंतर आणखी एक प्रश्न असतो, ज्याला गुण नसतात. या त्रासांमुळे काम करणे, घरातल्या गोष्टी सांभाळणे आणि माणसांशी जुळवून घेणे किती कठीण गेले, असा तो प्रश्न आहे. गुण नाहीत म्हणून अनेक अ‍ॅप्स तो विचारतच नाहीत. मला विचाराल तर सगळ्या प्रश्नावलीतला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, कारण त्रास आहे की नाही यापेक्षा त्या त्रासाने माणसाचे काय हिरावून घेतले आहे, हे त्यातून समजते. कोणते अ‍ॅप वापरावे असा प्रश्न पडला असेल तर हा प्रश्न विचारला जातो की नाही, ते आधी पाहावे.

आता उन्मादाबद्दल. द्विध्रुवीय विकार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद येणारा आजार, असलेला माणूस बहुतेक वेळा मदत शोधतो ती नैराश्याच्या काळात. उन्मादाच्या काळात त्याला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. उलट झोपेची गरज भासत नाही, कल्पना सुचत राहतात, खर्च वाढतो, बोलणे थांबत नाही, आणि हे सगळे त्याला सुखाचे वाटते. दोन आठवड्यांपुरते विचारणाऱ्या अ‍ॅपला हा मागचा काळ दिसण्याची काही शक्यताच नसते. या विकारात फक्त नैराश्याचे औषध सुरू झाले तर काही रुग्णांमध्ये उन्माद उसळण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर औषध लिहिण्यापूर्वी जुन्या काळाबद्दल खोदून विचारतात आणि शक्य असेल तर घरच्यांनाही विचारतात. यासाठी १३ लक्षणांची 'एमडीक्यू' नावाची वेगळी चाळणी २००० पासून उपलब्ध आहे. ती काही अ‍ॅप्समध्ये आहेही, पण वेगळ्या पानावर, वेगळ्या चाचणीच्या रूपात. नैराश्याची बेरीज जास्त आलेल्या माणसाला तिच्याकडे नेणारा दुवा मला एकाच अ‍ॅपमध्ये सापडला. स्वतःला केवळ उदास समजणारा माणूस आपणहून उन्मादाची चाचणी उघडेल, असे गृहीत धरणे मला पटत नाही.

शरीराच्या आजारांचेही तसेच आहे. थायरॉईड ग्रंथी मंदावली तर माणूस थकतो, सुस्तावतो, उदास होतो. तीच ग्रंथी अति काम करू लागली तर धडधड, घाम, अस्वस्थता येते आणि ते सगळे चिंताविकारासारखे दिसते. रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, स्टेरॉइडसारखी औषधे, मद्य, या सगळ्यांची मनावर उमटणारी छाया नैराश्याहून सहज वेगळी ओळखता येत नाही. रक्ताची एक साधी तपासणी जे सांगू शकते ते शंभर प्रश्न सांगू शकत नाहीत. या बाबतीत पहिल्या प्रकारची, म्हणजे शरीर आणि मन दोन्हींबद्दल विचारणारी अ‍ॅप्स बरीच उजवी ठरतात, कारण त्यांच्या यादीत निदान थायरॉईडचे नाव तरी येते.

त्या पहिल्या प्रकाराची अचूकता किती, याबद्दल प्रत्यक्ष आकडे उपलब्ध आहेत. २०१५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ लक्षण-तपासणी साधनांना ४५ कल्पित रुग्णांच्या हकिकती देऊन पाहण्यात आल्या. बरोबर निदान यादीत पहिल्या क्रमांकावर येण्याचे प्रमाण ३४ टक्के होते. हे सर्व प्रकारच्या आजारांबद्दल झाले. केवळ मानसिक आजारांपुरते पाहायचे तर 'एडा'वर झालेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात मानसोपचारासाठी आलेल्या ४९ खऱ्या रुग्णांनी अ‍ॅपमध्ये आपली लक्षणे भरली आणि अ‍ॅपचे उत्तर मानसोपचारतज्ज्ञांनी सविस्तर मुलाखतीतून केलेल्या निदानाशी ताडून पाहिले गेले. पहिल्या क्रमांकाची सूचना सुमारे निम्म्या वेळा जुळली. यादीतल्या पाचही सूचना धरल्या तर जुळण्याचे प्रमाण सुमारे ६९ टक्क्यांवर गेले. माणसाच्या मनासारख्या गुंतागुंतीच्या विषयात यंत्राने एवढे साधावे, याचे मला कौतुकच वाटते. पण हे आकडे वाचताना एक गोष्ट सुटू नये. ही माणसे आधीच उपचारासाठी दवाखान्याच्या दारात आलेली होती, म्हणजे त्यांना काहीतरी आजार असण्याची शक्यता मुळातच मोठी होती.

याच अ‍ॅपवर २०१९ मध्ये झालेला आणखी एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. त्यात त्याच लिखित हकिकती मानसोपचारतज्ज्ञांनी, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि सामान्य माणसांनी अ‍ॅपमध्ये भरल्या. तज्ज्ञांच्या हातून भरल्या गेलेल्या माहितीवर अ‍ॅपचे उत्तर सर्वांत चांगले आले आणि सामान्य माणसांच्या बाबतीत ते लक्षणीयरीत्या घसरले. हकिकत तीच, अ‍ॅप तेच, फरक फक्त काय महत्त्वाचे आहे हे ओळखून कोणते उत्तर निवडायचे याच्या जाणतेपणाचा. ज्याच्याकडे हा जाणतेपणा नाही त्याच्यासाठीच तर हे साधन निघालेले आहे, आणि स्वतःच त्रासात बुडालेल्या माणसाकडून तो अपेक्षिणे आणखी अवघड आहे.

आता थोडे गणित, कारण त्याच्याशिवाय '१० किंवा अधिक गुण' या शेऱ्याचा अर्थ कळत नाही. पीएचक्यू-९ मध्ये १० ही सीमा धरली तर, डॉक्टरांच्या सविस्तर मुलाखतीशी तुलना करता, आजारी माणसांपैकी सुमारे ८८ टक्के पकडली जातात आणि निरोगी माणसांपैकी सुमारे ८५ टक्के बरोबर बाजूला ठेवली जातात, असे २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो. हे आकडे ऐकायला भरघोस वाटतात. आता १,००० माणसांनी कुतूहलापोटी अ‍ॅप उघडले आणि त्यांच्यापैकी खरोखर ५० जणांना नैराश्याचा आजार आहे, असे समजू. त्या ५० पैकी ४४ जणांना अ‍ॅप पकडेल. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी १५ टक्के, म्हणजे सुमारे १४२ जणांनाही ते 'नैराश्य' असेच सांगेल. म्हणजे तो शेरा मिळालेल्या १८६ जणांपैकी आजारी फक्त ४४, चौघांत एकापेक्षाही कमी. हेच १,००० लोक दवाखान्यात आलेले असतील आणि त्यांच्यापैकी २०० जण आजारी असतील, तर शेरा मिळालेल्या २९६ जणांपैकी १७६ जण खरोखर आजारी निघतील. चाचणी तीच राहिली, पण ती कोणाच्या हातात पडली यावरून तिच्या उत्तराचे वजन बदलले. २०२० च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातही हेच दिसले. पीएचक्यू-९ च्या सीमेवरून मोजले तर २४.६ टक्के लोक नैराश्यग्रस्त ठरत होते आणि सविस्तर मुलाखतीतून १२.१ टक्के, म्हणजे सुमारे दुप्पट फुगवटा. चाळणीचे काम संशयित बाजूला काढण्याचे असते आणि चाळणी म्हणून हा फुगवटा क्षम्य आहे. पडद्यावर मात्र 'तुमची पुढची तपासणी व्हावी' असे न येता 'तुम्हाला मध्यम नैराश्य आहे' असे येते, तेव्हा खरे आजारी नसलेले ते १४२ जण रात्रभर त्या वाक्याकडे पाहत बसतात.

काही माणसांच्या हाती ही अ‍ॅप्स द्यावीत असे मला मुळीच वाटत नाही. ज्यांना आजाराचीच भीती सतत ग्रासते किंवा ज्यांचा मंत्रचळ पुन्हा पुन्हा खात्री करून घेण्याच्या रूपात प्रकट होतो, त्यांच्यासाठी अमर्याद वेळा फुकट उघडता येणारी चाचणी हे आजाराचेच खाद्य आहे. एकदा तपासले की घटकाभर बरे वाटते, मग शंका पुन्हा उगवते, आणि पुढच्या वेळी शंका थोडी लवकर येते. दोन तपासण्यांमध्ये काही दिवसांचे अंतर सक्तीने ठेवणारे अ‍ॅप काढणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे आहे. पीएचक्यू-९ चे प्रश्न दोन आठवड्यांबद्दलच विचारतात, तेव्हा दिवसातून तीनदा ती भरू देण्याला शास्त्रीय आधारही नाही. तरीही मी वापरलेल्या अ‍ॅप्सपैकी बहुतेकांनी मला पाठोपाठ चाचणी देऊ दिली, एकाने तर रोज उघडल्याबद्दल शाबासकीचे चिन्हही दिले.

सर्वांत काळजीपूर्वक पाहावा असा प्रश्न नववा. मेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार किती वेळा आले, असे तो विचारतो. येथे अ‍ॅप काय करते, यावरून मी त्याची परीक्षा केली. एका अ‍ॅपमध्ये या प्रश्नाला 'काही दिवस' असे उत्तर देताच प्रश्नावली तेथेच थांबली, पडद्यावर शांत भाषेत दोन वाक्ये आली, तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का असे विचारले गेले, आणि वापरणाऱ्याच्या देशातल्या मदतवाहिनीला थेट फोन लावणारे बटण समोर आले. जवळच्या एखाद्या माणसाला संदेश पाठवण्याचीही सोय त्याच पडद्यावर होती. उरलेले प्रश्न नंतर पुरे करण्याची मुभा होती. दुसऱ्या एका अ‍ॅपमध्ये 'जवळजवळ रोज' असे उत्तर दिल्यावरही पुढचा पडदा नेहमीसारखाच सरकला. शेवटी बेरीज आली, तिच्याखाली सशुल्क सदस्यत्वाची जाहिरात आली, आणि मदतीचा क्रमांक सेटिंगमधल्या 'अधिक माहिती' या पानाच्या तळाशी सापडला, तोही माझ्या देशाचा नव्हता. ज्या अ‍ॅपला हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी पेलत नाही त्याने तो विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अ‍ॅप निवडताना हे आधी तपासून पाहावे, आणि ते तपासणे त्रासातल्या माणसावर न सोडता त्याच्या जवळच्या एखाद्याने करावे.

खासगीपणाच्या बाबतीत तर चिंतेला भरपूर कारण आहे. मोझिला संस्थेने २०२२ मध्ये मानसिक आरोग्य आणि प्रार्थना या विषयांवरची ३२ अ‍ॅप्स तपासली आणि त्यांपैकी २८ अ‍ॅप्सवर धोक्याचा शिक्का मारला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर, लोकांनी भरलेल्या प्रश्नावलीसह त्यांची माहिती फेसबुक आणि स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी पुरवल्याचा ठपका ठेवला आणि ७८ लाख डॉलर भरायला लावले. डॉक्टरांजवळ बोललेल्या गोष्टीला गुप्ततेचे जे संरक्षण असते ते अ‍ॅपमध्ये टिचकी मारून दिलेल्या उत्तराला मिळेलच असे नाही. म्हणून खाते न उघडता, नाव आणि फोन क्रमांक न देता चाचणी देता येते का, उत्तरे फोनमध्येच राहतात का, आणि ती कायमची पुसता येतात का, हे तीन प्रश्न अ‍ॅप उघडण्यापूर्वीच विचारावेत. संपर्कयादी किंवा ठिकाणाची परवानगी मागणाऱ्या नैराश्य-चाचणीला ती देण्याचे काहीही कारण नाही.

चॅटबॉटबद्दल थोडक्यात. १९६६ मध्ये संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'एलायझा' हा संवादाचा प्रोग्राम लिहिला. तो माणसाचेच वाक्य फिरवून प्रश्नाच्या रूपात परत देत असे, आणि तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले, याचा खुद्द वायझेनबॉम यांनाच धक्का बसला. आजचे चॅटबॉट त्याहून कितीतरी ओघवते बोलतात, आणि म्हणूनच त्यांच्या तोंडून आलेले आजाराचे नाव अधिक खरे वाटते. समोरच्याला बरे वाटावे अशा बोलण्याकडे त्यांचा कल असतो, आणि 'मला अमुकच आजार आहे ना?' असे विचारले की होकार मिळण्याची शक्यता वाढते. मन हलके करायला ते चालतील, पण निदानासाठी त्यांच्याकडे जाऊ नये.

एवढे सगळे दोष सांगूनही ही अ‍ॅप्स मला टाकाऊ वाटत नाहीत, आणि त्याचे कारण मनापासून सांगावेसे वाटते. मनाचा त्रास असलेला माणूस डॉक्टरांसमोर बसला की बहुधा 'जरा बरे वाटत नाही' एवढेच बोलतो. त्याला शब्द सापडत नाहीत, लाज वाटते, वेळ कमी असतो. त्याच माणसाने घरी एकांतात नऊ प्रश्नांची उत्तरे दिलेली असली आणि तो कागद त्याने डॉक्टरांपुढे ठेवला, तर ज्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देणे त्याला अशक्य होते त्याचेही उत्तर तेथे असते. त्यात नववाही प्रश्न आला. आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल कोणीतरी आधीच प्रश्न तयार करून ठेवले आहेत, म्हणजे तो इतरांनाही होतो, एवढे समजले तरी कित्येकांना धीर येतो. तपासलेल्या अ‍ॅप्सपैकी ज्यात सगळी उत्तरे तारखेसह एका पानावर उतरवून घेता येतात, तेच मी फोनमध्ये ठेवले आहे. त्याचा शेवटचा शेरा मी वाचत नाही.

उपचार सुरू झाल्यानंतर तर हे साधन अधिकच कामाला येते. दर दोन आठवड्यांनी त्याच प्रश्नावलीत उत्तरे नोंदवली की औषध किंवा समुपदेशन लागू पडते आहे की नाही, याचा अंदाज डॉक्टरांना घेता येतो. पीएचक्यू-९ मध्ये ५ गुणांची घट अर्थपूर्ण मानली जाते, बेरीज निम्म्यावर आली तर उपचाराला चांगला प्रतिसाद मिळाला असे समजतात, आणि ५ च्या खाली गेली तर आजार ओसरला असे धरतात. नैराश्यात माणसाला आपण काल कसे होतो ते आठवत नाही, सगळे दिवस सारखेच काळे वाटतात, तेव्हा कागदावरची १९ वरून १२ वर आलेली बेरीज त्याच्या कामी येते. येथे निदान आधीच झालेले असते, डॉक्टर सोबत असतात आणि अ‍ॅपवर फक्त मोजण्याचे काम उरते, जे त्याला उत्तम जमते.

शिफारस करायची तर पहिल्या भेटीपूर्वीची तयारी आणि उपचारादरम्यानची नोंद या दोन कामांसाठी मी या अ‍ॅप्सची जरूर करेन. चाचणीत बेरीज कमी आली, पण त्रास मात्र खरा आहे, असे असेल तर बेरजेकडे दुर्लक्ष करून डॉक्टरांकडे जावे. भेटीत अ‍ॅपने सांगितलेले आजाराचे नाव पुढे न करता कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर दिले ते दाखवावे. त्यासोबत घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, आणि आयुष्यात पूर्वी कधी झोपेशिवायही दिवसेंदिवस अतिउत्साहात गेलेला काळ असेल तर त्याची माहिती लिहून न्यावी, कारण हे अ‍ॅपने विचारलेले नसते. आणि काही प्रसंगी अ‍ॅप उघडण्यात वेळ घालवूच नये. इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येत असतील, कोणीतरी आपल्या मागावर आहे अशी खात्री वाटत असेल, कित्येक रात्री न झोपताही माणूस थकत नसेल, बाळंतपणानंतर काही दिवसांत एखादी स्त्री गोंधळल्यासारखी वागू लागली असेल, किंवा कोणाच्या मनात स्वतःला संपवण्याची योजना ठरलेली असेल, तर घरच्यांनी त्या माणसाला एकटे सोडू नये आणि थेट जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे.